पायी आलेला बस्ता

नव्या पेठेतल्या व्यापाऱ्याला गादीवर बसल्या बसल्या आपली स्कूटर दिसावी लागते. ती नजरेआड झाली की त्याचं चित्त गिऱ्हाइकात राहत नाही. म्हणून आमच्या गल्लीत प्रत्येक दुकानाच्या पायरीला खेटून मालकाची स्कूटर, मुलाची मोटारसायकल आणि दुकानातल्या माणसांच्या मिळून आणखी काही गाड्या उभ्या असत. त्यातून अंग चोरत, पदर सावरत गिऱ्हाईक आत आलं की मालक पाण्याच्या ग्लासाबरोबर त्याला पहिलं वाक्य ऐकवी, "काय करणार ओ, पेठेत पार्किंगच नाही." लग्न होऊन या घरात आल्यापासून मी हे वाक्य ऐकत होते आणि प्रत्येक वेळी माझं डोकं फिरत होतं.

आमचं दुकान कापडाचं. गादीवर सासरे बसतात. त्यांना मी मामा म्हणते आणि सासूबाईंना आत्या. माझं माहेर मैंदर्गीचं, तिथं घरात कानडी आणि बाजारात मराठी. इथं सोलापुरात घरातच दोन्हींची खिचडी. मी आर्किटेक्चरच्या कॉलेजात शिकवते आणि कॉलेजला सायकलने जाते. या सायकलवरून आमच्या घरात जेवढं बोलणं झालं तेवढं शेताच्या वाटणीवरूनही झालं नसेल. आत्यांना वाटायचं, लोक म्हणतील, एवढं मोठं दुकान आणि सुनेला गाडी घेऊन देत नाहीत. शेवटी मामाच म्हणाले, "लोकांना विचारून दुकान काढलं नव्हतं मी. तिला सायकल आवडते, चालवू दे की." त्या दिवसापासून तो विषय मिटला.

सायकलवर बसलं की आपलं गाव खरं कसं आहे ते कळतं. सपाट गाव, सायकलसाठीच केल्यासारखं. गिरणीत जाणारी माणसं एके काळी सायकलनेच जायची असं मामा सांगतात. आता मात्र सायकलवाला म्हणजे रस्त्यात आलेला अडथळा आणि पायी चालणारा म्हणजे ज्याला गाडी परवडत नाही असा माणूस, असा हिशोब झाला आहे. फुटपाथ आहेत, पण त्यांच्यावर चहाची गाडी असते, डीपी असतो, जाहिरातीचा फलक असतो, कुणाची तरी बुलेट असते. माणूस बिचारा खाली उतरून गटाराच्या कडेनं चालतो आणि वर हॉर्न खातो. मला याचा संताप यायचा आणि मी तो वर्गात पोरांपुढे काढायचे. पोरं टिपून घ्यायची, परीक्षेला येईल म्हणून.

मग शहरात पायी आणि सायकलनं फिरणाऱ्यांसाठी आराखडा करायचं महापालिकेनं ठरवलं आणि त्यातला एक तुकडा आमच्या कॉलेजकडे आला. बाजारातली एक गल्ली पंधरा दिवस गाड्यांना बंद ठेवायची आणि काय होतं ते बघायचं. कुठली गल्ली, असं मला विचारलं. मी आमचीच सांगितली. घरच्यांना ते मागून कळलं. आत्यांनी त्या दिवशी भाकऱ्या जरा जोरातच थापल्या.

 मामा गल्लीतल्या व्यापाऱ्यांच्या मंडळाचे अध्यक्ष. ही खुर्ची म्हणजे मोठा कारभार नव्हे. पण दोन दुकानांत छपरावरून वाद झाला, कुणाच्या घरी वाटणी अडली, कुणाचं पोर दुकानात बसेना, तर माणसं मामांकडे येत. तीस-पस्तीस वर्षांत त्यांनी या खुर्चीपायी किती चहा पाजला असेल त्याला गणती नाही. ती खुर्ची म्हणजे त्यांची जन्माची कमाई होती. आता सून गल्ली बंद करायला निघालेली आणि सासरा गल्लीचा अध्यक्ष. लोक काय म्हणत असतील ते मला न सांगताच समजत होतं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी आमच्याच दुकानात बैठक झाली. मी नकाशा पसरला. गाड्यांसाठी गल्लीच्या टोकाला असलेलं मोकळं मैदान दाखवलं. सायकली कुठं लावायच्या, बाकं कुठं, सावली कुठं, पाण्याचा माठ कुठं, सगळं रंगवून आणलं होतं. व्यापारी मान डोलावत होते. मला वाटलं, जिंकलं.

तेवढ्यात समोरचे भांडीवाले उठले. त्यांचं तांब्या-पितळेचं दुकान बरोबर आमच्या समोर. फार वर्षांपूर्वी आमच्या छपराचं पाणी त्यांच्या दारात पडण्यावरून मामांशी त्यांचं बिनसलं होतं. तेव्हापासून दोघं एकमेकांकडे तोंड करून बसत आणि बोलत नसत. त्यांच्या घरात लग्न निघालं तरी कापड घ्यायला ते आमच्या दुकानावरून पुढे जात. त्यांनी नकाशाकडे बघितलंही नाही.

"मॅडम," ते म्हणाले, "बस्त्याची गाडी कुठं लागणार?"

मी नकाशाकडे बघितलं. बाकं काढली होती, माठ काढला होता, बस्त्याची गाडी काढलीच नव्हती. आमच्या गल्लीचं पोट बस्त्यावर. तुळशीचं लग्न लागलं की अक्कलकोट, मंगळवेढा, सांगोला, थेट विजापूरपर्यंतची माणसं क्रुझर नाहीतर टेम्पो भरून लग्नाचं कापड घ्यायला येतात. नवरीचा शालू, मानाच्या इरकली, पाहुण्यांचे टोपी-टॉवेल, सगळं एका दुकानात, एका बैठकीत. दिवसभर गादीवर बसायचं, चहा-भजी खायची, फळीवरचं कापड खाली उतरवायला लावायचं आणि संध्याकाळी गाठोडी बांधून निघायचं. आणि ज्या दुकानाच्या दारात गाडी लागते, त्या दुकानाचा मान. हे मला माहीत नव्हतं असं नाही. रोजच्या ताटातल्या मिठासारखं ते इतकं ओळखीचं होतं की नकाशात घालायचं सुचलंच नाही.

"म्हणजे म्हाताऱ्या माणसांना तुमी चालवणार," भांडीवाले म्हणाले, "आनि ते मेन रोडच्या शोरूममधे जाणार. झालं की मग."

मी काहीतरी उत्तर देणार होते. मामांनी हात वर केला. "पंधरा दिवस होऊ द्या," ते म्हणाले. "पंधरा दिवसांनी गल्लीनं म्हटलं नुकसान झालं, तर ही खुर्ची मी सोडतो. पुन्हा गल्लीच्या कुठल्या कामात तोंड घालणार नाही."

मला त्यांना थांबवायचं होतं. पण दिलेला शब्द मागे घ्यायची आमच्या घरात रीत नाही. बैठक संपल्यावर मामा बाहेर गेले, पायरीशी लावलेली स्वतःची स्कूटर सुरू केली आणि टोकाच्या मैदानात नेऊन लावली. परत पायी आले. ते बघून एकेकानं चाव्या काढल्या. काहींनी गाडीकडे असं बघितलं की जणू पोरगी सासरी चाललीय.

पहिल्या दिवशी गल्ली इतकी मोकळी दिसली की मला रडू आलं. व्यापाऱ्यांनाही आलं, पण वेगळ्या कारणानं. लोखंडी अडसर गल्लीच्या तोंडाशी लागला होता. आत शाळेच्या पोरी सायकली हातात धरून गप्पा मारत चालल्या होत्या. दोन म्हाताऱ्या बाकावर टेकून शेंगा सोलत होत्या. रस्त्याला फरशी आहे हेसुद्धा पुष्कळांना त्या दिवशी समजलं. पण शेंगा सोलणाऱ्या म्हाताऱ्या कापड घेत नाहीत, हे मलाही कळत होतं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी अक्कलकोटकडची आमची जुनी मंडळी बस्त्याला आली. त्यांच्या दोन पिढ्यांचे बस्ते मामांनी बांधले होते. मी त्या दिवशी दुकानातच होते. गाडी अडसरापाशी थांबली. चालकानं हॉर्न वाजवला, मग आणखी वाजवला. आमचा दुकानातला माणूस धावत गेला, इथून जवळच आहे म्हणून सांगत राहिला. गाडीतून कुणी उतरलं नाही. थोडा वेळ आत काहीतरी कानडीत बोलणं झालं आणि गाडी वळून निघून गेली. मेन रोडकडे.

सगळ्या गल्लीनं ते बघितलं. भांडीवाल्यांनी तर गल्ल्यावरून उठून बघितलं. मामा गादीवर बसून एक इरकल घडी करत होते, उलगडत होते, परत घडी करत होते.

रात्री जेवताना मी म्हटलं, "मामा, उद्या अडसर काढायला सांगते. माझ्या नकाशापायी तुमची खुर्ची नको."

आत्या माझ्या बाजूनं बोलतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त आमटी वाढली.

"अक्कलकोटवाले चालायला लागेल म्हणून परत गेले नाहीत," मामा म्हणाले. "जन्मभर शेतात चालणारी माणसं ती. त्यांना घ्यायला कुणी आलं नाही म्हणून गेले. हॉर्न कशाला वाजवत होते मग? लग्नाची माणसं शिवेवरून घ्यायची असतात. नवरा मुलगा गावात आला की आपण जातो का नाही वेशीपर्यंत? आपण नोकर पाठवला." मग ते आत्यांकडे वळून कानडीत म्हणाले, "उद्या तू पण ये."

आत्या दुकानात वर्षातून एकदा, पाडव्याच्या पूजेला येत. दुसऱ्या दिवशी त्या हिरवी इरकल नेसून, हळदकुंकवाचं ताट आणि पाण्याचा तांब्या घेऊन माझ्या आधी तयार. मला त्या बाईचा इतका अभिमान वाटला की मी तिथंच त्यांना वाकून नमस्कार केला. "सकाळी सकाळी काय नाटक," त्या म्हणाल्या.

माझ्याकडेही एक काम होतं. चालत आलेली माणसं गाठोडी घेऊन परत कशी जाणार? गावात भाजीवाल्यांकडे माल वाहायच्या तीनचाकी सायकली असतात. त्यातली एक मी भाड्यानं आणली. तिच्या हौद्यावर आत्यांनी सोलापुरी चादर अंथरली आणि दांडीला झेंडूची माळ बांधली. माझे सहकारी म्हणाले, हे आराखड्यात कुठं बसतं? मी म्हटलं, बसवा.

त्या दिवशी मंगळवेढ्याकडचं, मेंढरं राखणारं एक घर येणार होतं. नातीचं लग्न होतं. टेम्पो अडसरापाशी थांबला आणि हॉर्न वाजायच्या आत मामा समोर उभे होते. धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. गिऱ्हाइकाला घ्यायला व्यापाऱ्यानं गादी सोडून गल्लीच्या तोंडापर्यंत यायचं, असं आमच्या पेठेत कुणी पाहिलं नव्हतं. आत्यांनी बायकांना कुंकू लावलं, पायांवर पाणी घातलं. टेम्पोतून आधी आजी उतरल्या. घोंगडं खांद्यावर असलेले आजोबा त्यांच्या मागून उतरले आणि त्यांनी मामांना नीट खालीवर बघून घेतलं.

"दुकान कुटं हाय?" त्यांनी विचारलं.

"थोडं आत हाय," मामा म्हणाले. "चालावं लागंल. चालत न्यायला आलोय."

आजोबा आजींकडे बघू लागले.  मागे वळायला टेम्पोला जागा होती, आणि चालकानं इंजिन बंद केलेलं नव्हतं.

"आमाला चालायचं काय सांगता," आजी म्हणाल्या. "मेंढरामागं जल्म गेला. चला की."

आणि सगळे निघाले. पुढे मामा आणि आजोबा, मागे बायका, मध्ये नवरी लाजून, शेवटी मी सायकल हातात धरून. एकानं येताना हलगी आणली होती, लग्नघरातून निघालेला माणूस हलगी बरोबर ठेवतोच. ती त्यानं काढली. बंद गाडीच्या काचेआड जी हलगी कुणाला ऐकू आली नसती, ती गल्लीत घुमायला लागली. दुकानादुकानातून माणसं पायरीवर आली. चहावाल्यानं कुणी न सांगता कप भरले. बांगड्यांच्या दुकानापाशी बायका थांबल्या, त्या थांबल्याच. सोनाराकडे नवरीची मावशी "नुसतं बघते" म्हणून आत गेली. आजी प्रत्येक दुकानासमोर उभ्या राहायच्या, मान वर करून पाटी बघायच्या, वाचता येत नसतानाही.

"एवढ्या येळा आले," त्या आत्यांना म्हणाल्या, "पर ही पेठ म्या आज बघितली. गाडी दारात लावायची, दारातनं उचलायची. आमाला काय दिसनार?"

आमच्या दुकानाशी आल्यावर त्यांना समोर भांड्यांचं दुकान दिसलं. आजी कापडाकडे वळायचं सोडून तिकडे गेल्या आणि नातीला द्यायच्या घागरी, परात, समई सगळं वाजवून वाजवून घ्यायला बसल्या. आमचा बस्ता खोळंबला. मामा पायरीवर उभे राहून बघत होते आणि समोरून भांडीवाले घागर हातात धरून मामांकडे बघत होते.  मग भांडीवाल्यांनी घागरीचा भाव मनापासून कमी केला, हे मी या कानांनी ऐकलं.

संध्याकाळी गाठोडी आणि घागरी तीनचाकीवर रचल्या. आजी म्हणाल्या, वर मी बसते. त्यांना चादरीवर बसवून, घागर धरायला लावून सायकल निघाली. आजोबा कडेनं चालत होते आणि मिशीत हसत होते. ते हसू मी आजही विसरलेले नाही. कॉलेजात मी पायी चालणाऱ्यांच्या मानाबद्दल कितीतरी तास बोलले असेन. तो मान चालताना बघितला त्या दिवशी.

मग गल्लीला ते व्यसनच लागलं. दुसऱ्या कापडवाल्यांनीही गादी सोडली. कुणी गुलाबपाणी आणलं, कुणी सनईवाला. सोनारानं अडसरापाशी मांडव घातला. तीनचाकी एक पुरेना म्हणून आणखी आणल्या आणि प्रत्येक दुकानदार आपली जास्त सजवू लागला. कुंभारीहून विड्या घेऊन येणाऱ्या बायका वाट वाकडी करून आमच्या गल्लीतून जायला लागल्या, इथं धक्के लागत नाहीत म्हणून. आमच्या इतक्या जुन्या गिऱ्हाइकांचा गेलेला तो एक बस्ता परत आला नाही, हेही खरं. मामांना त्याचं वाईट वाटलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

पंधरा दिवस भरले. पुन्हा बैठक बसली. मामा आधीच म्हणाले, "एक बस्ता माझ्या दारातून गेला. तो धरूनच बोला."

मी भांडीवाल्यांकडे बघत होते. नुकसान झालं असं म्हणायला तोच एक बस्ता पुरेसा होता आणि म्हणायचं कुणी असेल तर तेच. ते उठले. खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं.

"अडसर उद्या निघणार म्हनं," ते म्हणाले.

"हो," मी म्हटलं.

"काढायचा नाही. माझ्या पोरीचा बस्ता पुढच्या आठवड्यात हाय. तिची सासरची माणसं येणार आनि ती दारात गाडीतून उतरून परत दारातच गाडीत बसणार? ते चालणार नाही." मग ते पहिल्यांदाच मामांकडे वळले. "बस्ता तुमच्याकडं बांधायचा हाय."

कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवली. खुर्ची सोडायचा विषय कुणी काढला नाही. अडसर राहिला, आजही आहे, आता लोखंडी नाही, दगडी खांब आहेत, मधून सायकल जाते आणि स्कूटर जात नाही. खांबांमधलं अंतर मी स्वतः काढलं आहे. पेठेतल्या आणखी दोन गल्ल्यांनी आम्हालाही खांब द्या म्हणून मागणी केली. आराखडा पुढे सरकला. मी त्या दिवसांत जमिनीपासून वीतभर वरून चालत होते, आणि ते लपवायचं मला काही कारण दिसलं नाही.

भांडीवाल्यांच्या बस्त्याच्या दिवशी सकाळी आम्ही दुकान झाडून, नव्या गाद्या घालून वाट बघत बसलो. त्यांचं दुकान समोर. घर त्याच्याच माडीवर. जिना उतरून गल्ली ओलांडली की आमची पायरी. मामा म्हणाले, आज वेशीवर जायचं काम नाही, मंडळी दारातच आहेत. पण माडीवरून कुणी येईना. दुकानाला तर कुलूप. आत्यांना काळजी वाटायला लागली, ऐन वेळी जुनं काही आठवलं की काय.

तेवढ्यात चहावाला सांगत आला, भांडीवाले सगळं खटलं घेऊन मागच्या दारानं गाडीत बसले, पेठेला वळसा घालून गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि अडसराच्या पलीकडे उभे आहेत. पोरीची सासरची माणसं चला म्हणतायत, पण हे पाऊल आत टाकत नाहीत. म्हणतात, घ्यायला येऊ द्या.

मामा गादीवरून उठले. टोपी नीट केली, आत्यांच्या हातातलं ताट स्वतःच उचललं आणि चपला घालायचं विसरून तसेच चालू लागले.